अरण्य राखण्याची विद्या

शालान्त परीक्षेच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या मुलास "पुढें काय शिकणार?" हा प्रश्न घरीं येणारी पाहुणेमंडळी हटकून विचारतात. वैद्यकी, यंत्रविद्या, कायदा, हिशेबनिशी असें कांहीं उत्तर मिळालें कीं विचारणाराचें समाधान होतें. परंतु एखाद्या मुलानें अगर मुलीनें "मी अरण्य राखावयास शिकणार" असें उत्तर दिलें, तर ऐकणाराच्या मुद्रेवर बहुधा हंसूं उमटेल. रान राखावयास शाळा कशाला? रान तर आपोआप वाढतें. त्यास कुंपण घातलें व एक पहारेकरी बसविला म्हणजे झालें, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ही समजूत कितपत खरी, आणि ही विद्या कोठें व कशी शिकवितात, याविषयीं चार शब्द आमच्या विद्यार्थिबंधुभगिनींस व त्यांच्या पालकांस सांगावे, असा या लेखाचा हेतु आहे.

ज्या देशांत या विद्येस महाविद्यालयांत मानाची जागा मिळाली, त्या अमेरिकेंतील संयुक्त संस्थानांकडे आपण आधीं वळूं. तेथें ३ सप्टेंबर १९६४ रोजीं अरण्यांविषयींचा एक कायदा मंजूर झाला. त्याचा मसुदा हॉवर्ड झानिझर नांवाच्या गृहस्थांनीं सुमारें आठ वर्षें खपून, साठांहून अधिक वेळां पुनः पुनः लिहून सिद्ध केला होता. आणि अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांची त्यावर सही होण्यापूर्वीं चारच महिने ते निवर्तले. या कायद्यानें ज्या प्रदेशास अरण्य म्हणून राखावयाचें, तेथें सडक करावयाची नाहीं, कायमची इमारत बांधावयाची नाहीं, यंत्राचें वाहन न्यावयाचें नाहीं. आरंभीं अशीं ५४ अरण्यें व सुमारें ९१ लक्ष एकर जमीन या कायद्याखालीं आली. आज त्यांची संख्या आठशेंहून अधिक व क्षेत्र अकरा कोटि एकरांहून अधिक आहे. पायवाटेवर आडवें पडलेलें झाड दूर करावयाचें असलें, तरी तेथील कामगार यांत्रिक करवतीऐवजीं दोघांनीं ओढावयाची जुनी करवत वापरतात, व त्यांचें सामान खेंचरांच्या पाठीवरून जातें.

येथें चतुर वाचक विचारील कीं, जेथें कांहींच करावयाचें नाहीं, तेथें शिकावयाचें तरी काय? हात आवरून बसण्यासहि विद्या लागते काय? लागते, आणि ती फार महाग पडलेली विद्या आहे. कोठें हात घालावा व कोठें तो आवरावा, हें ओळखतां न आल्यामुळें विद्वान् माणसांनींच अरण्यांची केवढी हानि केली, हें एका थोर शिक्षकाच्या चरित्रावरून आपणांस कळून येईल.

आल्डो लिओपोल्ड यांचा जन्म १८८७ सालीं आयोवा संस्थानांत झाला. येल विद्यापीठाच्या जंगलशाळेंतून १९०९ सालीं पदवी घेऊन ते सरकारी जंगलखात्यांत नोकरीस लागले, व आरिझोनाकडील डोंगराळ मुलुखांत त्यांची नेमणूक झाली. त्या काळचा सिद्धान्त अगदीं सोपा होता. लांडगे व डोंगरी सिंह हरणें खातात. म्हणून लांडगे व सिंह नाहींसे केले कीं हरणें वाढतील, आणि हरणें वाढलीं कीं शिकाऱ्यांस सुकाळ होईल. हा त्रैराशिकाचा हिशेब सरकारास, शेतकऱ्यांस व विद्वानांस सारखाच पटलेला होता. तरुण लिओपोल्ड यांसहि तो पटला होता. एके दिवशीं एका कड्यावरून त्यांनीं व त्यांच्या सोबत्यांनीं खालीं नदी ओलांडून येणाऱ्या लांडग्याच्या मादीवर व तिच्या कळपावर गोळ्या झाडल्या. लिओपोल्ड उतरून जवळ गेले, तेव्हां मादी अखेरचे श्वास घेत होती. तिच्या नजरेंत त्यांस असें कांहीं दिसलें कीं, तें ते कधींच विसरले नाहींत. मात्र त्याचा अर्थ लावून तें लिहून काढण्यास त्यांस १९४४ साल उजाडावें लागलें. पस्तीस वर्षें एक चूक मनांत वागवून, तिचा अर्थ शोधून, शेवटीं ती आपल्या नांवानें सर्वांसमोर मांडणें ही सामान्य गोष्ट नव्हे.

मध्यंतरीं त्रैराशिकाचें उत्तर डोंगरांनींच देऊन टाकलें होतें. आरिझोनांतील कैबाब पठारावर १९०६ सालीं हरणांसाठीं राखीव रान केलें गेलें, व तेथील हिंस्र पशु मारण्याची मोहीम चालली. हरणें वाढलीं खरीं. परंतु इतकीं वाढलीं कीं, त्यांचें तोंड पोंचेल तेवढ्या उंचीपर्यंत झाडाझुडपांस पालवी उरली नाहीं. मग १९२४ च्या सुमारास हिवाळ्यांत तीं भुकेनें कळपाकळपांनीं मेलीं. ज्यांस वाचवावयाचें होतें, त्यांचाच असा घात झाला! लांडगा हा हरणाचा वैरी खरा. पण तोच हरणाच्या चाऱ्याचा राखणदारहि होता, ही गोष्ट हिशेबांत धरावयाची राहून गेली होती.

या कथेचा पुढील भाग विद्यार्थ्यांनीं विशेष लक्षांत ठेवण्यासारखा आहे. कैबाबच्या हरणांचे आंकडे मुळांतच भरंवशाचे नव्हते, असा आक्षेप ग्रेम कॉगली नांवाच्या शास्त्रज्ञानें १९७० सालीं घेतला, व कित्येक पाठ्यपुस्तकांतून ही कथा गळली. त्यानंतर दुसऱ्या संशोधकांनीं पठारावर जाऊन अस्पेन नांवाच्या झाडांचीं वयें मोजलीं. हरणांची गर्दी असल्याचें सांगत त्याच वर्षांत उगवलेलीं झाडें त्यांस फारच थोडीं आढळलीं. कारण कोंवळे अंकुर हरणांनीं खाऊन टाकले होते. १९२४ च्या काळचे मोजणारे कधींच निघून गेले होते, परंतु झाडांनीं साक्ष जपून ठेविली होती. हा निर्णय २००६ सालीं प्रसिद्ध झाला. पुस्तकांतील वाद रानांत जाऊन मिटवावा लागतो, आणि रानांत काय पहावें हें पुस्तकांतील वाद सांगतो. या विद्येचीं हीं दोन पावलें आहेत, व एका पावलावर कोणासच चालतां येत नाहीं.

लिओपोल्ड यांच्याच आग्रहावरून १९२४ सालीं न्यू मेक्सिकोंतील गिला नदीच्या उगमाजवळचा सुमारें साडेसात लक्ष एकर मुलूख सडकांवांचून राखण्याचें जंगलखात्यानें ठरविलें. अशा रीतीनें राखलेलें हें त्या देशांतील पहिलें अरण्य होय. पुढें १९३३ सालीं विस्कॉन्सिन विद्यापीठानें वन्य पशुपक्ष्यांच्या जोपासनेचें अध्यापनपद नव्यानें निर्माण करून त्यावर लिओपोल्ड यांची नेमणूक केली. त्या विषयाचें त्या देशांतील हें पहिलेंच पद होतें. ज्या विषयास तोंपर्यंत नीटसें पाठ्यपुस्तकहि नव्हतें, त्याचें पुस्तक त्यांनींच त्याच वर्षीं प्रसिद्ध केलें.

त्यांच्या शिकविण्याची तऱ्हा कशी होती? १९३८ सालीं मिसूरी विद्यापीठांत दिलेल्या एका व्याख्यानांत त्यांनीं तक्रार केली कीं, कॉलेजांत मुलें प्राण्यांच्या हाडांचीं नांवें घोकतात, पण जिवंत प्राणी कसा जगतो हें त्यांस कोणी दाखवीत नाहीं. अशा पदवीधरास गाडींत घालून खेड्याच्या रस्त्यानें न्यावें, व वाटेंतील शेतें, माती, आंगणांतील झाडें दाखवून त्यांवरून त्या भूमीचा पूर्वेतिहास विचारावा, म्हणजे त्याची खरी परीक्षा होईल, असें त्यांचें म्हणणें होतें. आमच्या विद्यार्थ्यांनीं हीच परीक्षा आपल्या गांवच्या वाटेवर द्यावी. बांधावरील आंब्याचीं मुळें हातभर उघडीं पडलीं आहेत. मग तेथील माती कोठें गेली, व किती वर्षांत गेली? एका टेकडीवर गवताखेरीज कांहीं नाहीं, परंतु तिच्या माथ्यावरील देवळाभोंवतीं दाट झाडी आहे. मग सबंध टेकडी पूर्वीं कशी असेल? ओढ्याचें पाणी पूर्वीं कोणत्या महिन्यापर्यंत टिकत असे, हें आजोबांस विचारलें आहे काय? ज्यास असे प्रश्न सुचूं लागले, त्याचें शिक्षण सुरू झालें असें समजावें.

लिओपोल्ड यांनीं आपली स्वतःची प्रयोगशाळाहि शोधून काढली. १९३५ सालीं त्यांनीं विस्कॉन्सिन नदीच्या कांठीं एक उजाड, वाळूनें भरलेली, पूर्वीच्या धन्यानें टाकून दिलेली शेतजमीन विकत घेतली. तीवर उभें असें कोंबड्यांचें एक खुराडें तेवढें होतें. तेंच झाडून पुसून त्यांनीं, त्यांच्या पत्नीनें व पांच मुलांनीं सुटीच्या दिवसांसाठीं आपलें घर केलें, व दर वसंतांत पाइनचीं हजारों रोपें लाविलीं. पहिल्या वर्षींचीं बहुतेक रोपें अवर्षणानें जळून गेलीं. दुसऱ्या वर्षीं त्यांनीं पुन्हां खड्डे खणले. आज तेथें दाट रान उभें आहे. पालकांस हें वाचून नवल वाटेल कीं, खुराड्यांत सुट्या घालविणाऱ्या त्या पांच मुलांपैकीं तिघें पुढें त्या देशाच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीचीं सभासद झालीं.

त्या शेतावर कोणतें फूल कोणत्या दिवशीं उमललें, कोणता पक्षी केव्हां परतला, याची टिपणें लिओपोल्ड नेमानें ठेवीत. २१ एप्रिल १९४८ रोजीं शेजाऱ्याच्या गवतास लागलेली आग विझवावयास ते धांवून गेले असतां हृदयक्रिया बंद पडून त्यांचा अन्त झाला. त्यांचा सुप्रसिद्ध निबंधसंग्रह पुढील वर्षीं छापून निघाला. तो पाहण्याचें त्यांच्या नशिबीं नव्हतें. त्यांची कन्या नीना हिनें त्याच शेतावर १९७६ पासून पुन्हां तशींच टिपणें ठेविलीं. बापाचीं १९३६ ते १९४७ चीं व लेकीचीं १९७६ ते १९९८ चीं टिपणें शेजारीं शेजारीं मांडलीं, तेव्हां दिसून आलें कीं, वसंताच्या पुष्कळशा खुणा आतां पूर्वींपेक्षां लवकर प्रकट होतात. हवामान तापत चालल्याची ही साक्ष १९९९ सालीं प्रसिद्ध झाली. वही, पेन्सिल व नेम एवढ्याच भांडवलावर हें काम झालें, हें विद्यार्थ्यांनीं ध्यानांत घ्यावें.

लिओपोल्ड यांनीं घातलेल्या पायावर पुढें अनेक महाविद्यालयांनीं अभ्यासक्रम उभारले. त्यांपैकीं मॉन्टाना विद्यापीठाचा नमुना पाहूं. त्या विद्यापीठानें १९७५ सालीं अरण्यांच्या अभ्यासासाठीं एक स्वतंत्र संस्था काढली. तिच्या अभ्यासक्रमाचें वैशिष्ट्य असें कीं, वनस्पति व प्राणी यांच्या शास्त्राबरोबरच कायदा, राज्यकारभार, इतिहास, वाङ्मय व कला यांचीहि गांठ विद्यार्थ्यांस घालून दिली जाते. आणि वर्गांतील पाठांच्या जोडीला, पाठीवर शिधा व राहुटी घेऊन अनेक दिवसांची डोंगरांतील पायपीट करावी लागते. कायदा कशासाठीं? कारण अरण्याची हद्द झाडें आंखीत नाहींत, ती कचेरींत आंखली जाते. वाङ्मय कशासाठीं? कारण ज्या वस्तूवर लोकांचें प्रेम नाहीं, तिच्यासाठीं केलेला कायदा फार दिवस टिकत नाहीं.

तेथील रानांत शिकावयाचा एक धडा आगीचा आहे. १९१० सालच्या उन्हाळ्यांत आयडाहो व मॉन्टाना या संस्थानांत भयंकर वणवे पेटून सुमारें तीस लक्ष एकर रान भस्म झालें व ऐंशींहून अधिक माणसें मेलीं. त्या धास्तीनें जंगलखात्यानें आगीशीं युद्धच पुकारलें. १९३५ सालीं नियम झाला कीं, आग दृष्टीस पडली कीं ती दुसऱ्या दिवशीं सकाळीं दहा वाजण्यापूर्वीं आटोक्यांत आलीच पाहिजे. पण जुन्या पॉन्डेरोसा पाइनचा बुंधा तपासला, तर त्याच्या वलयांत पूर्वींच्या आगींचे वण एकामागून एक दिसतात. म्हणजे शेंकडों वर्षें जमिनीवरून सरपटत जाणाऱ्या लहान आगी येत गेल्या, खालचा पालापाचोळा खाऊन गेल्या, आणि मोठीं झाडें मात्र उभीं राहिलीं. लॉजपोल पाइनचीं कित्येक फळें तर राळेनें घट्ट मिटलेलीं असतात. आंच लागल्याखेरीज त्यांतील बीं बाहेर पडत नाहीं. प्रत्येक आग विझविल्यामुळें पाचोळा सांचत गेला, व पुढील आगीचें सरपण मनुष्यानेंच जमविलें. अखेर १९७२ सालीं सेलवे-बिटररूट अरण्यांत विजेनें लागलेली एक चिमुकली आग जाणूनबुजून विझविली गेली नाहीं. आग लहान होती, पण ती तशी राहूं देणें हा निर्णय फार मोठा होता. यावरून मात्र कोणीं असें समजूं नये कीं, आमच्या सह्याद्रींतील वणवेहि चांगलेच. तेथील आग बहुधा विजेची, आमच्याकडील बहुधा माणसानें लावलेली. तेथील झाडें निराळीं, पाऊस निराळा. एका रानांत शिकलेला धडा दुसऱ्या रानांत जसाच्या तसा लागूं पडत नाहीं, आणि म्हणूनच प्रत्येक रानास आपापला विद्यार्थी पाहिजे.

आतां या विद्येंतील एक कटु सत्य सांगणें प्राप्त आहे. ज्या मुलुखास गोऱ्या वसाहतवाल्यांनीं निर्जन अरण्य म्हटलें, तो वस्तुतः निर्जन नव्हताच. गिलाचे डोंगर अपाची लोकांचें घर होतें, मॉन्टानाच्या दऱ्यांतून सॅलिश व ब्लॅकफीट लोक नांदत होते. त्यांना हुसकून लावल्यावर मग तो देश ओसाड दिसूं लागला. अरण्य राखण्याच्या उत्साहांत अरण्यांतील माणसांचा विसर पडणें, ही लांडग्यांच्या हिशेबाइतकीच मोठी चूक आहे, हें आतां तेथील विद्यापीठांतूनहि शिकविलें जातें.

या बाबतींत आमच्या महाराष्ट्रास सांगण्यासारखें पुष्कळ आहे. माधव गाडगीळ यांनीं पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजांत शिक्षण घेऊन पुढें अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठांत, गणिताच्या साहाय्यानें सजीव सृष्टीचा अभ्यास करून, डॉक्टरची पदवी मिळविली. परत आल्यावर वनस्पतिशास्त्रज्ञ वर्तक यांच्या सोबतीनें ते सह्याद्रींतील देवरायांतून हिंडले. त्यांचा यावरील निबंध १९७६ सालीं प्रसिद्ध झाला. देवराई म्हणजे देवाच्या नांवानें गांवानें राखलेलें रान. भोंवतालचे डोंगर उघडे पडले असतां अशा रानांत जुने प्रचंड वृक्ष व वेली टिकून राहिल्या होत्या. हार्वर्डचें गणित ज्याच्या शोधांत होतें, त्याचें एक उदाहरण आमच्या निरक्षर पूर्वजांनीं राखून ठेविलें होतें. तसेंच गडचिरोली जिल्ह्यांतील मेंढा (लेखा) या गोंड वस्तीचें. तेथील गांवकरी अभ्यासगट करून एकत्र बसतात, कायदा समजून घेतात, रानाची माहिती जमवितात व मग गांवसभेंत निर्णय करतात. २००६ च्या वनहक्क कायद्याखालीं २००९ सालीं त्यांस सुमारें १८०० हेक्टर रानावर सामुदायिक हक्क मिळाला. असा हक्क मिळविणाऱ्या देशांतील पहिल्या गांवांत त्याची गणना होते. ज्यांच्या हातीं पदवी नाहीं, त्यांनीं अभ्यासाच्या बळावर हें मिळविलें, हें पदवीच्या मागें धांवणारांनीं विसरूं नये.

पालकांच्या मनांतील प्रश्न आम्ही टाळीत नाहीं: यांत पोट भरेल काय? सत्य सांगावयाचें तर या वाटेवर जागा थोड्या, फिरती फार व द्रव्यलाभ बेताचा. तथापि वाट बंद मात्र नाहीं. डेहराडून येथें १८७८ सालापासून जंगलविद्येची शाळा होती, व १९८२ सालीं तेथेंच भारतीय वन्यजीव संस्था स्थापन झाली. तेथें पदवीनंतरचें शिक्षण मिळतें. तिकडे जाऊं इच्छिणारानें जीवशास्त्राइतकेंच गणित पक्कें करावें, स्पष्ट लिहावयास शिकावें, व उन्हापावसांत चालण्याची संवय ठेवावी. ज्या मुलाचा ओढा खरोखरच इकडे असेल, त्यास हंसून गप्प बसवूं नये, एवढीच पालकांस आमची विनंति आहे.

आणि जे दुसऱ्या वाटेनें जातील, त्यांनाहि या विद्येचा पहिला धडा येथेंच, याच वर्षीं घेतां येईल. प्रत्येकानें एक वही करावी. पळस व पांगारा कोणत्या दिवशीं फुलला, पावशा प्रथम केव्हां ओरडला, काजवे कोणत्या रात्रीं दिसले, मृगाचा तांबडा मखमली किडा केव्हां बाहेर आला, हें तारीखवार लिहावें. शाळा सोडतांना ती वही धाकट्या भावाबहिणीच्या हातीं द्यावी. पन्नास वर्षांनीं तींतून काय निघेल, हें आज कोणीच सांगूं शकत नाहीं. नीनाच्या वडिलांसहि तें ठाऊक नव्हतें.

पवित्र शास्त्राच्या आरंभींच मनुष्यास एका बागेंत ठेविल्याची कथा आहे. ती बाग त्यास लुटावयास दिलेली नव्हती. मशागत व राखण यांसाठीं त्याच्या हवालीं केलेली होती. ज्याच्या हवालीं कांहीं केलें जातें, त्याचें पहिलें कर्तव्य तें काय आहे हें जाणून घेणें होय. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं एकानें जरी या पावसाळ्यांत ती वही उघडली, तरी हा लेख लिहिल्याचें सार्थक झालें असें आम्ही समजूं.